नाटककार जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आपल्या विद्यालयाच्या प्रत्येक कार्यक्रमात आदराने घेतले जाते. तथागत भगवान बुद्ध, संत कबीर आणि महात्मा फुले या तिघांना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले गुरू मानले. शूद्र पूर्वी कोण होते, याचा शोध घेणारा १९४६ सालचा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्याच स्मृतीस अर्पण केला. मुलींच्या शाळेचे संस्थापक, सत्यशोधक समाजाचे प्रवर्तक, शेतकऱ्यांचे कैवारी या नात्यांनी जोतीराव आपणा सर्वांना परिचित आहेत. परंतु वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांनी एक नाटक लिहिले होते, ही गोष्ट आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांचे चरित्र या बाजूने सांगण्याचे योजिले आहे. त्या नाटकाला त्यांच्या हयातीत ना छापखाना मिळाला, ना रंगमंच. तरीही त्यातून निघालेली वाट जलशांच्या फडातून फिरत शेवटी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनापर्यंत आली. ती वाट कशी आली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवे.

नाटककाराला काय लागते?

नाटककार घडण्यासाठी केवळ प्रतिभा पुरत नाही. त्याला नट लागतात, जागा लागते, खर्च सोसणारे कोणी लागते आणि ऐकून घेणारा समाज लागतो. याचे सर्वांत जुने उदाहरण ग्रीस देशातले आहे, आणि ग्रीकांचे नाव आपल्या शहराला परके नाही. बाबासाहेबांनी ज्याचे नाव आपल्या महाविद्यालयाला दिले तो मिलिंद राजा म्हणजे ग्रीक मिनँडर होय. त्याच्या शंकांचे निरसन करणाऱ्या भदंत नागसेनांच्या नावाने तो सारा परिसर नागसेनवन झाला. या राजाची मुळे ज्या संस्कृतीत होती, तिने त्याच्या काही शतके आधी शोकनाट्याला जन्म दिला होता.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्स नगरात दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिसस देवाचा उत्सव भरे आणि त्यात शोकनाट्यांची स्पर्धा होई. नगराचा अधिकारी तीन कवींची निवड करून त्यांना गायकवृंद मिळवून देई. त्या वृंदाच्या तालमीचा आणि पोशाखाचा भार एखाद्या धनिक नागरिकावर सोपवलेला असे. टेकडीच्या उतारावर हजारो लोक बसून नाटक पाहत. सुरुवातीला रंगस्थळी एक नट आणि त्याच्याशी बोलणारा वृंद, एवढेच असे. एस्किलसने दुसरा नट आणला. दोन नट समोरासमोर आले तेव्हा वाद शक्य झाला, आणि वाद शक्य झाला तेव्हाच आज आपण ज्याला नाटक म्हणतो ते उभे राहिले. सोफोक्लीसने तिसरा नट आणून कथेची गुंफण अधिक दाट केली. युरिपिडीसने राजेरजवाड्यांच्या कथांत दासी, दायी आणि जिंकून आणलेल्या स्त्रिया यांना तोंड फोडू दिले.

या युरिपिडीसची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. अथेन्सच्या सैन्याने मेलोस बेट जिंकून तेथील पुरुषांची कत्तल केली, बायकामुलांना गुलाम केले. त्यानंतर काही महिन्यांतच, इसवी सनापूर्वी ४१५ साली, त्याने त्याच अथेन्सकरांसमोर ट्रॉय नगराच्या पराभूत स्त्रियांचा आक्रोश उभा केला. त्या वर्षी त्याला पहिले पारितोषिक मिळाले नाही. पण नाटकाचा प्रयोग झाला. विजेत्यांना बसून पराभूतांचे दुःख ऐकावे लागले. अथेन्समध्ये गुलामांना नागरिकत्व नव्हते, स्त्रियांना सभेत स्थान नव्हते, स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. त्या नगराचे दोष लहान नव्हते. तरीसुद्धा आपल्याला न रुचणारे नाटक होऊ देण्याइतकी उघडी जागा त्या नगराने राखली होती. जोतीरावांच्या पुण्यात ती जागा होती काय, या प्रश्नावरच त्यांच्या नाटकाची कहाणी उभी आहे.

बालपण आणि शिक्षण

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण आणि मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे घराण्याला फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीराव तान्हे असतानाच वारल्या. वडील गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. बाळाचा सांभाळ सगुणाबाई क्षीरसागर या मावसबहिणीने केला. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. राज्य बदलले होते, परंतु कोणी शिकावे आणि कोणी शिकू नये याविषयीचे नियम लोकांच्या मनात तसेच होते. लोकांच्या टोमण्यांमुळे गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून शेतमळ्यात गुंतवले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. त्याआधीच, १८४० साली, त्यांचा विवाह नायगावच्या सावित्रीबाईंशी झाला होता. १८४७ साली इंग्रजी शिक्षण पुरे होता होता थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेकडे पाहण्याची त्यांची दृष्टी कायमची बदलली.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता शूद्र म्हणून त्यांचा अपमान करण्यात आला, ही घटना सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी पुण्यातील बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पुढच्याच वर्षी या कार्यापायी दोघांना घर सोडावे लागले. त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख यांनी, आणि शिकवण्याच्या कामात साथ दिली ती फातिमा शेख यांनी. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा जाहीर सन्मान केला.

येथवरची कथा विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु या यशातच एक अडचण दडलेली होती, आणि त्या अडचणीतून नाटक जन्माला आले.

नाटकाची गरज

मुले शाळेत येऊ लागली, पण त्यांचे आईबाप तर निरक्षरच होते. मुलांना शाळेत पाठवायचे की नाही हे ठरवणार तेच. सणावाराला, जन्ममरणाला, पिकापाण्याला भटजीने काय सांगितले यावर ज्यांचे घर चाले, ज्यांचे कर्ज वाढे, त्या माणसांपर्यंत पुस्तक पोहोचणार कसे? ज्याला अक्षरओळख नाही त्याला अक्षरांचे महत्त्व अक्षरांतून सांगता येत नाही. १८५५ साली जोतीरावांनी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली ती या अडचणीवरचा एक उपाय म्हणून. त्याच वर्षी त्यांनी दुसरा उपाय योजला. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असे नाटक त्यांनी लिहिले. त्याचे नाव ‘तृतीय रत्न’.

हे साधन त्यांच्या लोकांना नवे नव्हते. कीर्तन, लळित, गोंधळ, भारूड, तमाशा यांतूनच गावागावांत ज्ञान आणि अज्ञान दोन्ही पसरत असे. दिवसभर राबलेला माणूस रात्री जेथे आपल्या पायांनी जाऊन बसतो, तेथेच त्याच्याशी बोलावे, हा त्यामागचा विचार होता.

‘तृतीय रत्न’

नाटकाची कथा साधी आहे. एका कुणब्याची बायको गरोदर आहे. नवरा घरी नसताना जोशी दारात येतो. तिच्या मनातली पोटच्या जिवाविषयीची काळजी तो ओळखतो आणि ग्रहांचे भय दाखवून ती काळजी वाढवीत नेतो. संकट टाळायचे तर अनुष्ठान करावे लागेल, ब्राह्मणभोजन घालावे लागेल, असे तो तिच्या गळी उतरवतो. घरात पैसा नाही. कुणबी कर्ज काढतो. जेवणावळी होतात, दक्षिणा वाटली जाते, आणि ज्यांच्या कष्टावर हे सारे झाले ते नवराबायको मात्र अपमान आणि कर्ज पदरी घेऊन उभे राहतात. पुढे एका पाद्र्याशी त्यांची गाठ पडते, वादविवाद होतो, एक मुसलमानही त्या चर्चेत येतो. आपण फसलो ते शिक्षण नसल्यामुळे, हे त्या दोघांना उमगते. शेवटी दोघे फुले दांपत्याच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय करतात. त्याच वर्षी सुरू झालेली रात्रशाळा या रीतीने नाटकाच्या शेवटात आली आहे. नाटक पाहून उठलेल्या माणसाला त्या शाळेची वाट खरोखरच धरता यावी, अशी ही रचना आहे.

या नाटकातील विदूषक विशेष लक्ष देण्याजोगा आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खादाड मित्र असतो आणि तमाशातला सोंगाड्या हजरजबाबी असतो. जोतीरावांचा विदूषक या दोघांचा वंशज असला तरी त्याचे काम वेगळे आहे. प्रत्येक प्रसंगात तो पात्रांच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये उभा राहतो. जोश्याने आत्ता काय बोलले आणि त्याचा खरा हेतू काय, कुणबी कोठे चुकला, कर्जाचा दोर कोणाच्या गळ्याभोवती आवळला गेला, हे तो प्रेक्षकाला उलगडून सांगतो. ग्रीक शोकनाट्यातील वृंदही असाच प्रेक्षक आणि नट यांच्या मधल्या गोल अंगणात उभा राहून घडत्या गोष्टीवर भाष्य करी. मात्र तो वृंद पुष्कळदा नगरातील वृद्धांचा असे, देवांच्या कोपाला भिणारा आणि पुढे काय होणार हे न जाणणारा. जोतीरावांचा विदूषक कोपाला भीत नाही, कारण त्या कोपाचा धंदा कोण चालवतो हे त्याला ठाऊक आहे. ग्रीक नाटकात माणसाचा नाश दैवाने ओढवतो. या मराठी नाटकात दैवाची भाषा बोलणारा माणूस आपल्यासमोर उभा केला आहे, त्याचे दर आणि त्याची गिऱ्हाइकेही दाखवली आहेत. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही तथागतांची शिकवण जाणणाऱ्या आम्हा वाचकांना हा फरक मोठा वाटतो.

नाटकाची भाषाही पाहण्यासारखी आहे. जोशी जोश्यासारखा बोलतो, कुणबीण कुणबिणीसारखी. त्या काळी छापल्या जाणाऱ्या पंडिती मराठीत न सापडणारे घरातले, शेतातले बोलणे येथे प्रथमच नाटकाच्या कागदावर आले. हे म्हणत असता नाटकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाद्र्याच्या तोंडी लांब उपदेश आहेत आणि मिशनऱ्यांवरील जोतीरावांचा त्या वयातील विश्वास त्यांत उघड दिसतो. जोश्याला आपली बाजू मांडायला फारशी संधी नाही. युरिपिडीस आपल्या खलपात्रालाही सबळ युक्तिवाद देतो, तसे येथे घडत नाही. परंतु रंगमंच मिळाला असता, नट मिळाले असते, समोर कुणबी बसून हसले आणि हळहळले असते, तर लेखकाला पुढचे नाटक लिहिताना या उणिवा सुधारता आल्या असत्या. नाटककार प्रयोगातूनच शिकतो. ती संधी जोतीरावांना मिळाली नाही.

दक्षिणा प्राइज कमिटीचा नकार

पेशव्यांच्या काळी श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या निधीचा काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षीस देण्यासाठी वळवण्यात आला आणि त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी काम करू लागली. मराठी लेखकाला आधार मिळण्याचे ते एक प्रमुख ठिकाण होते. जोतीरावांनी १८५५ साली आपले नाटक या कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी हकीकत जोतीरावांनी पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’त स्वतःच नमूद केली आहे.

या घटनेतील उपरोध लक्षात घ्यावा. ज्या निधीचे मूळ दक्षिणेत होते, त्याच निधीपुढे दक्षिणेच्या नावाखाली होणारी लूट दाखवणारे नाटक निर्णयासाठी गेले होते. ज्यांच्यावर नाटक होते, तेच परीक्षक होते. अथेन्समध्ये युरिपिडीसला पारितोषिक नाकारले गेले तरी नाटक लोकांसमोर आले. पुण्यात पारितोषिक नाकारताच नाटकच लोकांपासून तुटले, कारण ज्या वर्गासाठी ते लिहिले होते त्याच्यापाशी ना नाटक मंडळी होती, ना छापखाना, ना पैसा.

मराठी रंगभूमी मात्र पुढे चालत राहिली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले होते आणि तोच दिवस आज आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत नाटकाचे वैभव सुरू झाले. त्या वैभवाचे मोल कमी लेखण्याचे आम्हाला कारण नाही. पण देवादिकांची आख्याने, पेशव्यांचा इतिहास आणि कालिदासाची शकुंतला यांच्या रांगेत १८५५ सालच्या गरोदर कुणबिणीला जागा मिळाली असती, तर मराठी नाटकाने आपल्या बाल्यावस्थेतच स्वतःच्या काळातील सामान्य माणसाशी बोलायला सुरुवात केली असती. कल्पित देवकथेचा किंवा राजकथेचा आधार न घेता चालू काळातील समाजावर लिहिलेले हे स्वतंत्र नाटक सहा वर्षे आधीचे होते. म्हणूनच आधुनिक मराठी नाटकाचा आरंभ येथून मोजावा, असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि आम्हालाही ते म्हणणे न्याय्य वाटते.

नाटक सुटले, नाट्य सुटले नाही

जोतीरावांनी त्यानंतर दुसरे नाटक लिहिले नाही. परंतु समोरासमोर बोलण्याची, सवाल-जबाबाची रीत त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. १८६९ साली त्यांनी छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा रचला. पवाडा हा गाऊन ऐकवण्याचा प्रकार. ‘गुलामगिरी’ त्यांनी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. एक शंका विचारतो, दुसरा उत्तर देतो. भदंत नागसेन आणि राजा मिलिंद यांच्या संवादाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. १८८३ साली लिहून पुरा झालेला ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्यास सयाजीराव महाराजांसमोरही त्याचे वाचन झाले.

या काळातील त्यांचे बाकीचे कार्य सर्वश्रुत आहे. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७४ साली फुले दांपत्याने एका विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली.

१८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती आणि जोतीरावांना तिचे निमंत्रण आले. त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांना माणुसकीचे हक्क दिले जात नाहीत, त्यांच्या भावनांशी ज्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, त्या ग्रंथकारांच्या सभेत आपण बसून काय साधणार, असा त्या पत्राचा आशय होता. तीस वर्षांपूर्वी परत आलेले एक हस्तलिखित ध्यानात ठेवून ते पत्र वाचले, म्हणजे त्यातील वेदना अधिक नीट कळते.

आणि १८८८ साली त्यांनी एक प्रवेश स्वतःच रंगवला. इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरि रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. शहरातील प्रतिष्ठित मंडळी जरीच्या पोशाखात, अलंकार घालून आली. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. येथे बसलेले हे अलंकृत लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जाऊन पाहावी आणि तिच्या शिक्षणाची सोय करावी असे राणीला कळवावे, असे त्यांनी त्या राजपुत्राला निर्भयपणे सांगितले. तेहतीस वर्षांपूर्वी कागदावर अडलेला कुणबी त्या रात्री त्यांच्या अंगावरच्या कपड्यांतून राजपुत्रासमोर जाऊन उभा राहिला.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. लवकरच पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग निकामी झाले. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

जलशातून नागसेनवनाकडे

जोतीरावांचे नाटक त्यांच्या अनुयायांनी पाहिले नव्हते, पण त्यामागचा विचार त्यांनी नेमका उचलला. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला, गण, गौळण, बतावणी, वग, आणि त्याच्यात नवा आशय भरला. देवस्तुतीच्या जागी सत्याचे आणि निर्मिकाचे स्तवन आले. सोंगाड्याच्या विनोदाचा रोख भटशाही, सावकारी आणि अंधश्रद्धेकडे वळला. दिवट्यांच्या उजेडात गावोगाव हे सत्यशोधक जलसे होऊ लागले. कोणत्याही कमिटीची परवानगी त्यांना लागत नव्हती. जोतीरावांना जो प्रेक्षक हवा होता तो आता फडासमोर मांडी घालून बसला होता.

पुढे बाबासाहेबांच्या चळवळीने ही परंपरा आपली केली. १९३० च्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेक शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. पाणवठा, मंदिरप्रवेश, शिक्षण, व्यसनमुक्ती, मताचा हक्क हे विषय गाण्यांतून आणि बतावण्यांतून वस्त्यावस्त्यांत पोहोचले. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या हजारो लोकांना चळवळ समजली ती जलशातून. बाबासाहेब आपल्या भाषणांपेक्षा जलशाचे मोल अधिक मानीत, असे जुनी मंडळी आजही अभिमानाने सांगतात.

आणि मग ही वाट आपल्या शहरात आली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून, पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या घरांतून मुले वसतिगृहात येऊन राहू लागली. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या मुलांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. अस्पृश्यांच्या शोषणाचा युगानुयुगांचा प्रवास त्यात उभा केला होता. १९५५ साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत त्याचा प्रयोग झाला, आणि १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळी ते अफाट जनसमुदायासमोर सादर झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण आरंभी ‘युगयात्रा’चे नाव घेतात.

सन पाहावेत. ‘तृतीय रत्न’ १८५५ चे, ‘युगयात्रा’चा हा प्रयोग १९५५ चा. मध्ये बरोबर शंभर वर्षे. ज्या नाटकाच्या शेवटी कुणबी नवराबायको शाळेची वाट धरतात, त्याच्या शंभराव्या वर्षी त्या वाटेने शाळेत, महाविद्यालयात आलेली मुले स्वतःच रंगमंचावर उभी होती. ‘युगयात्रा’त काम करणाऱ्यांनी ‘तृतीय रत्न’ वाचलेले असणे शक्यच नव्हते, कारण ते तोपर्यंत छापलेच गेले नव्हते. जोतीरावांचे हे नाटक ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकातून १९७९ साली प्रथम छापून आले आणि पुढे त्यांच्या समग्र वाङ्मयात समाविष्ट झाले. लिहिल्यापासून छापले जाईपर्यंत १२४ वर्षे गेली. तोवर आपल्याच शहरातून ‘अस्मितादर्श’ निघू लागले होते, दलित लेखक स्वतःच्या नावाने कथा, कविता, नाटके लिहीत होते. आपला पूर्वज नाटककार त्यांना उशिरा भेटला.

आपल्या मुलांसाठी

ग्रीक शोकनाट्यकारांनी शेकडो नाटके लिहिली. त्यांतील तीसबत्तीसच आज उरली आहेत. तरीही सेनेकापासून शेक्सपिअर आणि इब्सेनपर्यंतच्या पाश्चात्त्य नाटकाच्या परंपरेत त्यांचे ऋण मानले जाते, कारण ती नाटके एकदा लोकांसमोर आली, त्यांच्या प्रती निघाल्या, त्या शाळांतून शिकवल्या गेल्या. जोतीरावांच्या एकुलत्या एका नाटकाला हा आधार त्यांच्या काळाने दिला नाही. तो देण्याचे काम आता आपले आहे, आणि ते अवघड नाही.

आपल्या विद्यालयाचे स्नेहसंमेलन दरवर्षी होते. नृत्ये व्हावीत, गाणी व्हावीत, मुलांनी आनंद करावा. पण एका तासात बसेल असा ‘तृतीय रत्न’चा संक्षेप करून आपल्या विद्यार्थ्यांनी तो एकदा सादर करावा, अशी आमची सूचना आहे. जोतीरावांचे पूर्ण नाटक ग्रंथालयात ठेवावे, वरच्या वर्गांनी ते मोठ्याने वाचावे. मिशनऱ्यांविषयी त्यात जे आहे त्यावर विद्यार्थ्यांनी खुशाल मतभेद मांडावेत. स्वतः तपासून पाहिल्याशिवाय काही मानू नये, हीच आपल्या धम्माची शिकवण आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शिक्षक आहेत, जे नाटकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी तालमीसाठी थोडे दिवस द्यावेत. पालकांनी प्रयोगाला यावे, आणि ज्या आजीआजोबांना अक्षर येत नाही त्यांना आवर्जून सोबत आणावे. जोतीरावांनी ते नाटक मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहिले होते.

आजही गरोदर सुनेच्या पत्रिकेतील ग्रहांवर खर्च करणारी घरे आहेत, आणि त्या खर्चासाठी मुलीची फी थकवणारीही आहेत. ती घरे फार दूर नाहीत. विदूषकाने समोर येऊन त्यांच्याशी बोलावे, अशी वेळ अजून सरलेली नाही. ते काम करायला आपल्या वसतिगृहातील मुलगा किंवा मुलगी उभी राहिली, तर १८५५ साली अडलेला तो प्रयोग आपल्या शाळेत तरी पुरा झाला, असे आम्ही समजू.